मंडईतला हार्ड रॉक

माह्या लेकराच्या बापाचं वाजवनं मी पहिल्यांदा ऐकलं ते आमच्याच लग्नात. वरातीपुढं तेचे दोस्त धुमाल वाजवत होते, न हा नवरदेव घोड्यावरून खाली उतरला न स्वतःच ढोल बडवाले लागला. माही माय म्हने, "व बाई, आपन जवाई पाहिला का बाजेवाला?" मी तवाच भेवाली. माले तसं सप्पाचंच भेव वाटते, फोन वाजला तरी छाती धडधडते, त्यात असा नवरा भेटला का घरात ताट पालथं दिसलं तरी तेच्यावर बोटं वाजवते.

मंग तेले तालुक्याच्या गावातल्या चर्चमधले तीन पोट्टे भेटले. एक पास्टरचा पोरगा, केस पाठीवर लोंबत होते तेचे, तो गाये. बाकीचे दोघं भाऊ भाऊ, गिटारवाले. तेईले येशूचेच गाने म्हनाचे होते, पन असे म्हनाचे होते का छपराचे कवेलू हालले पायजेत. "याले हार्ड रॉक म्हनतेत, वैनी," पास्टरचा पोरगा माले म्हने, "आपल्या जिल्ह्यात आजपर्यंत कोनी येशूसाठी असं वाजवलं नाही." मी म्हनली, "हो भाऊ," न चहा ठेवाले आत पळाली. चर्चमध्ये सारे हळूच वाजवनारे, जोरानं बडवनारा कोनी नव्हता, मनून तेईले आमचा धुमालवाला पायजे होता.

माह्या सासूले, मामीजीले, वाटलं पोरगा बाटला. यानं सांगतलं, "आई, मी फक्त वाजवतो." मामीजी म्हने, "मंग गनपतीले बी वाजव न येशूले बी वाजव, पन धान घरी आनून टाक पहिले."

चर्चच्या हॉलमध्ये तेईले कोनी वाजवू देईना. पास्टर स्वतःच म्हने, "ही प्रार्थना आहे का धान चुराची मशीन?" मनून ते राइस मिलच्या मागच्या शेडमध्ये वाजवत. मिल चालू असली का मिल कोनती न गिटार कोनतं, कोनाले समजत नव्हतं. लाइन गेली का दोनी संगंच बंद. पहिला प्रोग्राम नाताळात झाला, सनाचं मनून पास्टरनं तेवढ्यापुरतं चर्चमध्येच वाजवू देलं, तवा एक म्हातारी आंटी कानात बोटं घालून पहिल्या बाकावर बसली होती. गानं झालं तशी उठली न म्हने, "बाळांनो, येशू बहिरा नाही रे." मी मागं बसली होती, माले एवढं हसू आलं का लेकराले पदराखाली घेऊन बाहीर पळाली. मंग एका हळदीत वाजवलं, तिथं लोकाईले वाटलं नवीन डीजे आला, नाच नाच नाचले. मंग गोंदियाले चर्चच्या पोरापोरीईचा मेळा होता, तिथले पोरं तर खुर्च्यावर चढून वरडत होते, "भैया, एक और! एक और!" त्या दिवशी हा घरी आला तो जेवलाच नाही, नुसता भिंतीकडं पाहून हसत होता.

पन माहा दीर हैदराबादले कंपनीत हाये. तेचा फोन आला, जागा खाली हाये, भावाले धाडून दे. मामीजीनं ठरवून टाकलं, मंडई झाली का याले पाठवाचं. मी रातभर रडली न सकाळी याले विचारलं, "तुमाले जावं वाटते का?"

"आई म्हनेल तसं."

"न तुमाले?"

"तुले काय वाटते ते सांग."

"तुमाले वाटते तेच."

असे आमी दोघंबी एकमेकाच्या तोंडाकडं पाहत बसलो न तेवढ्यात मामीजीनं आवाज देला का भात लागून राहिला. हा गेला असता तर मी, लेकरू न मामीजी एवढेच राहिलो असतो, न धानाच्या बांधीत रानडुक्कर आले तर हाकलाले मीच. मामीजीपुढं तोंड उघडाचं तर डुकरापेक्षा जास्त भेव. यानं एकच मनात धरलं होतं, का मंडईत प्रोग्राम चांगला झाला, चार गावचे लोक बोलवाले लागले, तर आई आपनच थांबवेल.

मंडई म्हनजे आमच्याकडं दिवाळी झाली का गावोगाव भरते, दुकानं लागतेत, पाहुने येतेत, दंडारीचं नाच-गानं, नाटक होते. केशोरीच्या इकडच्या एका गावात त्या साली दंडारवाले आले नाहीत. कमिटीचे भाऊ आमच्या घरी आले न विचारलं, "तुमचे ते गाने देवाचेच हायेत ना?" हा म्हने, "देवाचेच." "मंग चालते."

स्टेज म्हनजे ट्रॅक्टरची ट्राली. भर दुपार. मी लेकराले घेऊन ट्रालीच्या बाजूले स्पीकरपासून दूर बसली, मामीजी समोर, आपल्या बहिनीईसंग. तेईचं एक गानं होतं, येशू नावेत उभा राहून वादळाले थांबवते ते. त्या गान्यात "शांत हो" एवढंच म्हनाचं असते, पन पास्टरचा पोरगा ते असं म्हने का जित्ता मानूस चरकला पायजे. तेनं रबर काढून केस मोकळे सोडले, मान खाली घालून गरगर गरगर फिरवली, न घशातून आवाज काढला, "शांऽऽत होऽऽ!"

सारी मंडई शांत झाली. जिलेबीवाला झारा घेऊन तसाच उभा.

न मंग एक आजी उठली, हात जोडले न म्हने, "व माय! पोट्ट्याच्या अंगात आलं व!"

झालं. केस मोकळे, मान फिरते, आवाज बदलला, आमच्याकडं आनखी काय लागते? बायाईनं हळदकुंकू आनलं, कोनी लिंबू आनला, कोनी नारळ. कमिटीचे भाऊ लाइन लावाले लागले. गिटारवाले दोघं थांबले, पन आमचा हा डोळे मिटून वाजवतच होता, तेनं लोकाईले आनखीनच वाटलं का आलं, आलं! एक बाई पास्टरच्या पोराच्या पायाजवर डोकं टेकवून विचारे, "देवा, माह्या पोरीचं यंदा जमते का नाही?" तो मागं सरकत सरकत ट्रालीच्या फळीले जाऊन टेकला. माह्या मनात आलं, झाला सत्यानाश, आता कोन बोलावते याईले, भरा हैदराबादची पेटी.

न लाइनीत पाहतो तं मामीजी! हातात नारळ!

बहीन तेईले म्हने, "अवो, तो पोट्टा परवा तुह्या घरी भाजी-भात खाऊन राहिला होता ना?"

"मंग? खाल्लं तं काय झालं? अंगात कोनाच्याबी येते."

मामीजीचा नंबर आला. तेईनं पदर सावरला न विचारलं, "देवा, माह्या पोराले हैदराबादले पाठवू का नोको?"

तवा आमच्या ह्याचे डोळे उघडले. वाजवनं थांबलं. पास्टरच्या पोरानं नुसतं नोको म्हनलं असतं तरी काम झालं असतं. हा घरीच राहिला असता, बँड वाचला असता. माहं तर मनातल्या मनात तेचे पाय धरनं सुरू होतं, म्हन रे भाऊ, म्हन. पन तो घामानं भिजलेला, म्हने, "काकू, माह्या अंगात कोनी नाही आलं. मी गानं म्हनून राहिलो."

"पहिले सारे असंच म्हनतेत, देवा."

"खोटं कसं बोलू काकू? येशूचं गानं म्हनलं का लगेच खोटं बोलू? तुमच्या सुनेले विचारा ना. तिच्या लेकराचा बाप जाऊन राहिला." न तेनं वाकून माइक माह्या तोंडापुढं धरला.

माइक चालू होता. माह्या दम घ्याचा आवाजच साऱ्या मंडईत ऐकू आला, हुप्प हुप्प, जसा बैल धावून आला. मी म्हनली, "मामीजी, नोका पाठवू. माले भेव लागते. रानडुकराचं बी लागते न तुमचं बी लागते. हे इथं असले का मी दोघाईले बी पाहून घेतो."

मामीजी म्हने, "हे घरी काऊन नाही बोलली?"

"घरी तुमी बोलू देता कुठं!"

हे माह्या तोंडातून कसं निंघालं ते मालेच मालूम नाही. लोकं असे हसले का लेकरू जागं झालं न त्याच माइकवर भोंगा पसरला. न ती पहिलीवाली आजी पुन्हा उठली, माह्याकडं बोट दाखवून म्हने, "आता इच्या अंगात आलं व! सून असून सासूले असं कोन बोलते!" न लाइन सारी माह्याकडं वळली. एकीनं माह्या लेकराच्याच कपाळाले कुंकू लावलं.

मामीजी माह्या कानाजवर आली न हळूच म्हने, "तुह्या अंगात काहीबी नाही आलं, माले मालूम हाये. पन एवढ्या लोकाईत बोलली. आता तुही गोष्ट फिरवू कशी?" न मोठ्यानं म्हने, "जशी तुही मर्जी, देवा!" न नारळ माह्याच पायापुढं फोडला.

लोक विचारतेत, तुमचा बँड एवढा कसा वाढला, रायपूरले जाते, नागपूरले जाते. पास्टर बी आता पहिल्या बाकावर बसतेत, कानात कापूस घालून का होईना. मी काय सांगू? मंडईत त्या दिवशी चार गावच्या कमिटीवाल्याईनं नंबर घेतले, पन गानं कोनी ऐकलंच नव्हतं, सप्पा विचारत होते का पोट्ट्याच्या अंगात पुन्हा कवा येते.

संध्याकाळी मामीजीनं दीराले फोन लावला. "नाही येत तुहा भाऊ," म्हने. तिकडून तेनं काऊन मनून विचारलं असन. मामीजीनं माह्याकडं पाहिलं, मी लगबग चुलीत फुंकर माराले लागली.

"बायको सोडत नाही तेची," मामीजी फोनात म्हने. "न आवाज मोठा हाये तिचा."