लाल अक्षरांतला शामू

आमच्या भागात पोरांना एकमेकांना चिडवायचं असलं की ती बापाच्या नावानं हाक मारतात. ही खोड शाळेबरोबर सुटावी. पण उचगावची रचना आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवरचा नागेंद्र, दोघांनी ती बेळगावातल्या कंपनीपर्यंत जपून आणली.

बसच्या वेळा दाखवणारा प्रोग्राम ते पायथॉन या संगणकाच्या भाषेत लिहीत होते. लिहिलेलं चालतं का हे बघायला चाचण्या घ्याव्या लागतात. निकाल पडद्याच्या तळाशी उमटतो, प्रोग्राम पास झाला तर हिरवा, नापास झाला तर लाल. रचनाच्या चाचणीला या शहाण्यांनी तिच्या बापाचं नाव दिलं, 'शामू', नागेंद्रच्या चाचणीला त्याच्या बापाचं, 'नागोजी'. प्रोग्राम कुठं अडतो हे कळावं म्हणून मध्येमध्ये पडद्यावर ओळी छापायच्या, त्याही तशाच: 'शामू इथं अडकला', 'शामूला काही कळेना'. सगळी खोली हसायची. सगळ्यांत मोठ्यानं हसायची रचनाच.

परवा ती डबा घरी विसरली. तिचे वडील, शामूआप्पा, शेतातलं काम टाकून, धुतलेला सदरा घालून बसनं डबा घेऊन आले. ते दारात पोचले आणि इकडं नागेंद्र पडद्याकडं बघत ओरडला, "शामू परत पडला गं!"

"न्हाय बा, पडलो न्हाय. आलोय की!" दारातून उत्तर आलं.

खोली खदखदून हसली. मग दारात कोण आहे ते बघून सगळ्यांनी माना आपापल्या पडद्यांत घातल्या. आप्पा हसतच पुढं आले, चष्मा लावला आणि अक्षर अक्षर जुळवत वाचलं, "शामू... नापास. शामूला काही... कळेना."

जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं रचनाला झालं.

"हे माझंच नाव व्हय गं?"

"व्हय आप्पा. तुमचं नाव कामाला घेतलंय."

नागेंद्र उगाच माऊस पुसत बसला. खोटं इतकं पटकन तोंडात आलं, याची रचनाला वेगळीच लाज वाटली. आप्पा गेल्यावर तिनं सगळीकडचं ते नाव पुसून टाकलं.

संध्याकाळी जेवताना आप्पा तिच्या आईला कौतुकानं सांगत होते, "पोरीनं माझं नाव कंपूटरात घातलंय." मग रचनाकडं वळून म्हणाले, "ती पोरं हसली तवा मला वाटलं, शाळेत चिडवत्यात तसं चिडवालेत. लई वाईट वाटलं. मग ध्यानात आलं, तू हुतीस की तिथं. तू कशी चिडवू दिशील?"

रचना भाकरीचा एकच तुकडा पुन्हापुन्हा मोडत राहिली; तिला ताटावरून उठताही येईना.