चादरीखालची सीट

मामांच्या गाडीत बसायचं म्हणजे आधी बाहेर उभं राहून अंग झटकायचं. मग मामा डोक्यापासून पायांपर्यंत एकदा नजर फिरवणार. केसांना तेल लावलेलं दिसलं की डोक्याला रुमाल बांधा. नवी जीन्स असली तर तिचा निळा रंग सीटला लागतो, तेव्हा तुम्ही रिक्षानं या. शेंगा चटणीचा डबा हातात दिसला की त्याची रवानगी थेट डिकीत. एकदा मी डबा मांडीवर घेऊन बसायला निघाले, तर म्हणाले, "डबा एकटा बसंल की मागं. त्याला कशाला सोबत?"

हे माझे थोरले मामा. सोलापुरात त्यांचं चादरीचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं चादर उलगडून "रंग जाणार नाही ना?" असं विचारलं की मामा गादीवर सरसावून बसायचे आणि म्हणायचे, "रंग गेला तर दुकान तुमच्या नावावर करतो." हे वाक्य त्यांनी इतक्या लोकांना ऐकवलं होतं, की खरंच रंग गेला असता तर दुकानाचे किती वाटे पडले असते, कुणास ठाऊक. पण रंग जात नसे, हेही खरं. मामांना साऱ्या बाजारात मान होता तो त्या एका वाक्यामुळे.

उतारवयात त्यांनी एकच चैन केली, ती म्हणजे ही गाडी. तीही क्रीम रंगाच्या लेदर सीटची. सोलापूरच्या धुळीत हा रंग टिकवायचा म्हणजे पूर्ण वेळची नोकरी, आणि मामांनी ती आनंदानं पत्करली. रविवारी सकाळी लिंबाखाली गाडीची चारी दारं उघडी असायची. आधी मऊ ब्रशनं शिवणीतली धूळ काढायची, मग फडकं अगदी घट्ट पिळून हलक्या हातानं पुसायचं, लगेच कोरडं करायचं आणि शेवटी बोटावर क्रीम घेऊन गोल गोल जिरवायचं. "चामडं हाय ते. त्याला पाणी नुसतं दावायचं, पाजायचं न्हाय," हा त्यांचा धडा आम्हा सगळ्यांना पाठ होता. मामी ओट्यावर बसून ज्वारी निवडत असायची. ती म्हणायची, "माझ्या टाचांना भेगा पडल्यात, त्या दिसंनात. सीटला मात्र बाळाला लावल्यागत क्रीम लावत्यात."

एवढं सगळं करून मामा त्या सीटवर चादरी अंथरायचे. दुकानातल्याच, जाडजूड, कडेला गाठी मारून घट्ट बांधलेल्या. त्यामुळे गाडीला लेदर सीट आहेत, हे आम्ही नुसतं ऐकून होतो. मामांनाही फक्त रविवारीच त्यांचं दर्शन व्हायचं.

पुढे एकदा मे महिन्यात अक्कलकोटला आमच्या नात्यातलं लग्न होतं. मामा, मामी, माझी आई आणि मी असे निघालो. जाताना मामीला उन्हाचा फार त्रास झाला. गाडीतला एसी नेमका त्याच दिवशी रुसला होता आणि सीट तर तव्यासारखी तापलेली. मामी नुसती पुढं सरकून सीटच्या काठावर बसून राहिली. मामा बघत होते. जेवणं उरकून आम्ही परत निघालो तर मामीच्या सीटवर नेहमीच्या चादरीऐवजी लालभडक फुलांची नवी कोरी चादर, ओली करून पिळून अंथरलेली. आहेरासाठी आणलेल्या चादरींतली एक उरली होती, ती मामांनी मांडवामागच्या नळावर भिजवली होती. उन्हाळ्यात गच्चीवर ओली चादर अंगावर घेऊन झोपणारी आम्ही माणसं, आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मामी टेकून बसली आणि सोलापूर येईपर्यंत छान झोपली.

घरी आल्यावर मामांनी चादर उचलली आणि हात तसाच वर राहिला. क्रीम रंगाच्या सीटवर चादरीवरची दोन फुलं पाकळ्यांसकट उमटली होती. मामांचा चेहरा मला बघवेना. सीटचं दुःख तर होतंच, पण त्याहून मोठं काहीतरी त्यांच्या हातून पडलं होतं. आई बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात मामी म्हणाली, "अगं बया, माझ्या साडीचा रंग लागला की! घामानं सुटला बघा."

मामीची साडी बारीक चौकड्यांची इरकल. तिच्यात फूल औषधालाही नव्हतं. शिवाय साडी आणि सीट यांच्यामध्ये अख्खी चादर होती. पण आई म्हणाली, "व्हय, साडीचाच." मीही मान डोलावली. मामा चादरीची घडी घालत राहिले.

त्यानंतर मामांनी त्या डागावर सगळे उपाय केले. डाग फिकट झाला, गेला नाही. कुणी विचारलं की मामीच पुढं होऊन साडीचं सांगायची, आणि मामा दुसरीकडं बघायचे. मला त्यांचा थोडा रागच यायचा. बायकोवर आळ ढकलून दुकानाची अब्रू राखतात, असं वाटायचं.

मामी गेली. मग मामांच्या डोळ्यांनी दगा दिला आणि त्यांनी गाडी मला द्यायचं ठरवलं. देण्याआधी ती आतून साफ करून घ्यायला आम्ही होटगी रोडवरच्या एका दुकानात गेलो. तिथला माणूस डाग निरखून म्हणाला, "कशाचा म्हणायचा हा?"

"चादरीचा," मामा म्हणाले. "आमच्याच दुकानातली."

तो माणूस म्हणाला, सीटला नवा रंग मारून देतो, मागमूस राहणार नाही. मामा म्हणाले, "बाकी सगळं लख्ख करा. तेवढं राहू द्या."

परत येताना ते त्याच सीटवर बसले होते, चादर न अंथरता. मी विचारलं, "मामा, मग इतकी वर्षं का नाही बोललात?"

"कसा बोलणार? तिच्या पुढ्यात बोललो असतो तर ती खोटी पडली असती की." त्यांनी खिडकीची काच खाली केली. मग म्हणाले, "आज बोलून बघितलं. बरं न्हाय वाटलं. तू आपली साडीचाच सांगत जा."

आता मामाही नाहीत. मी रोज त्या गाडीनं चिंचोळी एमआयडीसीत कामाला जाते. रविवारी फडकं घट्ट पिळून सीट पुसते, क्रीम लावते, त्या दोन फुलांवर जरा जपून. शेजारी बसणारी मैत्रीण कधीतरी विचारतेच, हे काय गं?

"मामीच्या साडीचा रंग लागलाय," मी सांगते.