गिअरची गाडी कुणी चालवायची

नामिबिया आणि बोत्स्वानात स्वतः गाडी चालवत फिरायचं आणि गाडीच्या टपावरच्या तंबूत झोपायचं, ही कल्पना माझ्या नवऱ्याची. इथे कॅनडात, कोक्विटलामची हिवाळी रिपरिप सुरू झाली की त्याला असं काहीतरी सुचतं.

कल्पना मलाही आवडली होती. वैताग आला तो तयारीचा. जेवताना, ग्रोसरीला जाताना, कपड्यांच्या घड्या घालताना त्याचा एकच विषय. वाळूत टायरमधली हवा किती कमी करायची, डिझेल कुठे मिळत नाही, फ्रिजची बॅटरी किती टिकते. बेसमेंटच्या भिंतीवर त्याने मोठा नकाशा लावून त्यावर रंगीत टाचण्या टोचल्या होत्या. कुठल्यातरी कॅम्पमधली जागा भरलेली निघायची आणि सगळ्या टाचण्या पुन्हा हलायच्या.

आमच्या लेकीला मात्र एवढंच जाणून घ्यायचं होतं, "व्हेअर इज द वॉशरूम?"

"कॅम्पवर असतं," तो म्हणाला. "पण काही कॅम्पना कुंपण नाही. हत्ती येतात. अंधार पडला की तंबूतून खाली उतरायचं नाही."

"सो व्हॉट डू वी डू?"

"बादली."

लेक माझ्याकडे बघत राहिली. मी डिशवॉशरमध्ये भांडी लावत होते, ती लावत राहिले.

हिवाळा संपत आला आणि गाडी भाड्याने देणाऱ्यांची ईमेल आली. ऑटोमॅटिक गाडी शिल्लक नाही, गिअरचीच मिळेल. हे त्याने मला लगेच सांगितलंसुद्धा नाही. सांगितलं तेव्हा म्हणाला, "शिकून घेईन, त्यात काय."

"मला येते की," मी म्हटलं. "पुण्यात बाबांची जीप मीच चालवायचे."

"बघू. तिथे वाळू असते, नद्या ओलांडाव्या लागतात. तुला झेपेल का?"

ज्याने आयुष्यात कधी क्लचवर पाय ठेवला नव्हता, तो मला हे विचारत होता. मी वाद घातला नाही. म्हटलं, शिक बाबा.

शेजाऱ्यांकडे गिअरचा एक जुना पिकअप होता. तो मागून घेऊन रविवारी सकाळी आम्ही तिघं आइस रिंकच्या पार्किंग लॉटमध्ये गेलो. नवरा स्टिअरिंगवर, मी बाजूला, लेक मागे. गाडी उसळी मारायची आणि बंद पडायची. "क्लच हळू सोड," मी सांगायचे. "हळूच सोडतोय," तो म्हणायचा आणि गाडी पुन्हा बंद.

"इट डाइड अगेन, बाबा," मागून आवाज यायचा.

शेवटी लॉटमध्ये दोन-चार चकरा नीट झाल्या आणि तेवढ्यावर त्याने ठरवलं की घरीही आपणच न्यायची. आमच्या घराकडचा रस्ता चांगला चढाचा. अर्ध्या चढावर सिग्नल लाल झाला. हिरवा झाल्यावर गाडी पुढे जायच्या ऐवजी मागे घसरली. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला. नवऱ्याने हँडब्रेक ओढला, पार्किंग लाइट लावले, पावसात उतरला आणि माझ्या दाराशी येऊन उभा राहिला.

"तू चालव."

मी स्टिअरिंगवर बसले. डावा हात सवयीने गिअरकडे गेला आणि दारावर आपटला. इथे गिअर उजवीकडे. लेक हसली. मग उजव्या हाताने पहिला टाकला, आणि गाडी जराही मागे न जाता चढली.

घरी आल्यावर त्याने चहा टाकला.

"तिथे स्टिअरिंग उजवीकडे असतं," मी म्हटलं. "गिअर डाव्या हाताला, आपल्या जीपसारखा. मला येते, हे मी तुला सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस."

"मग?"

"मला वाटलं, पूर्वी कधीतरी थोडीफार चालवली असशील."

बेसमेंटमधला तो नकाशा ओढून काढावा असं मला त्या वेळी वाटलं. पण त्याने माझ्यासमोर लॅपटॉप उघडला, मुख्य चालक म्हणून माझं नाव घातलं आणि कप माझ्यापुढे सरकवला. मी तो घेतला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही गेलो. सगळ्या सहलीत गाडी मीच चालवली. वाळू आली की तो उतरून टायरमधली हवा सोडायचा, आणि ते काम त्याने खरंच चोख केलं. पण बाजूला बसला की प्रत्येक वळणावर त्याचा पाय जमिनीवर दाबला जायचा.

"त्या बाजूला ब्रेक नाहीये," मी म्हणायचे.

"माहीत आहे," तो म्हणायचा, आणि पुढच्या वळणावर पुन्हा दाबायचा.