माझ्या जबाबदारीवर

“मागं बघू नका. आणि बघायचंच असेल, तर माझ्या जबाबदारीवर बघा.”

हे वाक्य तो आमच्या आळीतल्या जुन्या वखारीच्या कोपऱ्यावर उभा राहून म्हणायचा. उजवा हात वर, डावा छातीवर, मान जराशी तिरकी. समोर पंधरा-वीस माणसं. बोईसरच्या कंपन्यांतले इंजिनिअर, त्यांच्या बायका, शनिवार-रविवार समुद्रावर राहायला आलेली मुंबईची कुटुंबं. ती सगळी लगेच मागं बघायची. मागं आमची खाडी असायची, ओहोटीचा चिखल आणि चिखलात कलंडलेली एखादी होडी. तरी कुणीतरी किंचाळायचंच.

जबाबदारी हा शब्द या माणसाच्या तोंडी ऐकून मला हसू यायचं. तुमच्याही गावात असा एकजण असेल. आधी त्याने आळीत पाण्याचे फिल्टर विकले, ते दोन पावसाळ्यांत बंद पडले. मग विम्याच्या पॉलिस्या. मग एमआयडीसीत कुठल्याशा कंपनीत सुपरवायझर असल्याचं सांगायचा. तिथून परतला तो खांद्यावर काळी शाल घेऊनच. मे महिन्यात, आमच्या खाऱ्या दमट हवेत काळी शाल. घामाने निथळत तो भुतांविषयी बोलायचा. भूतफेरी हे नाव आम्ही ठेवलेलं. त्याच्या पाटीवर ‘नदीकाठची हेरिटेज सफर’ असं होतं.

“नदी कुठली?” मी त्याला विचारलं होतं. “ही खाडी आहे.”

“मास्तर, खाडी म्हटलं की लोकांना वास येतो. नदी म्हटलं की इतिहास येतो.”

मी हायस्कूलमध्ये इतिहास शिकवतो. तेव्हा हे वाक्य मला कसं लागलं असेल, ते तुम्ही समजू शकता.

फेरी शनिवारी आणि रविवारी संध्याकाळी सात वाजता निघायची. पहिला थांबा वखार. तिथे त्याने एक पोर्तुगीज राजकन्या कोंडून मारली होती. दुसरा थांबा विहीर, तिच्यात किल्ल्यापर्यंत जाणारं भुयार. त्या विहिरीत आम्ही सगळे पोहायला शिकलो. तळाशी गाळ आणि फुटक्या घागरी यांखेरीज काही नाही. तिसरा थांबा पिंपळ. तिथे तो हिरवा कागद लावलेली बॅटरी हनुवटीखाली धरायचा आणि खिशातल्या मोबाईलवर पैंजण वाजवायचा. एका शनिवारी पैंजणांच्या आधी टूथपेस्टची जाहिरात लागली. दातांना बळकटी, हिरड्यांना पोषण. माणसं पोट धरून हसली. तो शांतपणे म्हणाला, “ती अशीच भुलवते.”

मी दोनदा त्याच्या फेरीबरोबर गेलो, तेही चुका टिपायला. वहीत बावीस चुका लिहिल्या. दुसऱ्या दिवशी त्याला चहाच्या टपरीवर गाठलं.

“इथे पोर्तुगीज राजकन्या कधी आली नव्हती.”

“म्हणून तर दिसत नाही ती,” तो म्हणाला. टपरीवरचे सगळे हसले. माझ्यावर हसले, हे सांगायला नको. त्या हसण्याचा माझ्या पुढच्या वागण्याशी किती संबंध होता, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. उत्तर मला आवडत नाही.

शेवटचा थांबा भानूमावशीच्या घरासमोर असायचा. मावशी म्हणजे आमच्या आळीतली सर्वांत म्हातारी बाई. घर खाडीच्या अगदी कडेला, दोन खोल्यांचं. मुलगा सरावलीला राहतो, एमआयडीसीत कामाला आहे. मी सातवीत होतो तेव्हा तिचा नवरा होडी घेऊन गेला तो आला नाही. होडीची एक फळी सातपाटीच्या बाजूला सापडली, माणूस सापडला नाही. तेव्हापासून आळीने एक गोष्ट न बोलता ठरवून टाकली की मावशीसमोर त्याचं नाव काढायचं नाही. माझी आई हळदीकुंकवाच्या दिवसांत तिच्या दारावरून जाताना आवाज खाली आणायची. मला ती आमची माणुसकी वाटायची.

आणि हा माणूस तिथे उभा राहून ते नाव घ्यायचा.

खिडकीत कंदील लागलेला असायचा. आळीत सगळीकडे वीज असताना खराखुरा रॉकेलचा कंदील. हा बॅटरी विझवायचा, मोबाईल खिशात टाकायचा, शाल काढून हातावर घ्यायचा. हात वर नाही, मान तिरकी नाही. सरळ उभा राहून सांगायचा, “या घरातले जनार्दन धाकू पहाटे चार वाजता होडी घेऊन गेले. हवा चांगली होती. जाताना म्हणाले, येताना मीठ आणतो. ते आले नाहीत. त्यांचं नाव जनार्दन धाकू.” मग तो गप्प राहायचा. माणसंही गप्प. आणि खिडकीतला कंदील आपोआप विझायचा.

माझ्या अंगावर काटा आला होता, हे कबूल करतो. त्यानंतर लगेच संताप आला. खोट्या राजकन्येपर्यंत ठीक होतं. पण हा खऱ्या माणसाचं खरं नाव घेत होता, त्याच्या जिवंत बायकोच्या दारात, आणि दोरी लावून की काय कोण जाणे, कंदील विझवत होता. अभिनय सोडून देण्याचा हा त्याचा सर्वांत निर्लज्ज अभिनय आहे, असं मी वहीत लिहिलं. त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या.

फेरी बंद करावी म्हणून मी ग्रामपंचायतीकडे अर्ज केला. तो मीच लिहिला, शुद्ध भाषेत, पाच मुद्दे काढून. पहिला मुद्दा मृताच्या नावाचा. मावशीच्या मुलाने सरावलीहून येऊन पहिली सही केली. म्हणाला, “सर, कंपनीत पोरं विचारतात, तुझी आई भूत आहे का म्हणून. तुम्ही लिहिलंत, बरं केलंत.” मला बरं वाटलं. एका असहाय बाईसाठी आपण उभे राहिलो, असं वाटून त्या रात्री मी छान झोपलो.

मावशीला मी विचारलं नाही. हे वाक्य मला या लेखाच्या सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात त्याला बोलावलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला, शाल नव्हती. शालीशिवाय अगदीच किरकोळ दिसत होता. राजकन्येवर, भुयारावर त्याने नेहमीसारखी उडवाउडवी केली. पंचायतीच्या एका सदस्याला तर म्हणाला, “भुयार नाही हे सिद्ध करायला तरी विहीर साफ करा.” सरपंचबाईंनाही हसू आलं. मग मी उभा राहिलो.

“भानूमावशीच्या घरासमोर हा तमाशा करायला तुला परवानगी कुणी दिली?”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मुलाकडे बघितलं. मुलगा माझ्या शेजारीच बसला होता.

“बोल ना,” मुलगा म्हणाला. “कुणाला विचारलंस?”

“माझ्या जबाबदारीवर केलं,” तो म्हणाला.

“म्हणजे कुणालाच विचारलं नाहीस.”

“माझ्या जबाबदारीवर,” तो पुन्हा म्हणाला आणि खाली बसला.

मी सरपंचबाईंना सांगितलं, हे कबुलीजबाब म्हणून लिहून घ्या. त्यांनी लिहून घेतलं. फेरी बंद झाली. पाटी उतरवताना त्याने मला हाक मारून विचारलं, “मास्तर, बावीस चुकांत शेवटच्या थांब्याच्या किती होत्या?” मी न थांबता पुढे निघालो. एकही नव्हती. पंधरा दिवसांत तो सिल्वासाला कुठल्याशा कंपनीत गेला, असं कळलं. आळीत कुणाला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं नाही. मलाही नाही.

पुढच्या महिन्यात मी मावशीकडे गेलो. खरं सांगायचं तर आभार ऐकायला गेलो होतो. ती ओट्यावर सुके बोंबील निवडत बसली होती. शेजारी कंदील, काच लख्ख पुसलेली.

“ये मास्तर. बस.”

मी बसलो. म्हणालो, “आता त्रास नाही ना मावशी? शनिवार-रविवार शांत असतं.”

“शांतच हाय,” ती म्हणाली. एक बोंबील उचलून वास घेतला, बाजूला टाकला. “तूच बंद केलंस ना?”

“हो. तुमच्यासाठीच.”

“मला इचारलंस काय?”

अर्जावर मुलाची सही होती, असं मी सांगू लागलो.

“त्याला मीच बोलावलं व्हतं,” मावशी म्हणाली. “पयल्यांदा लोकांना घेऊन माझ्या दारावरून तसाच पुढं चालला. मी म्हटलं, अरे, सगळ्या खोट्या मेलेल्यांचं सांगतोस, एका खऱ्याचं पन सांग. तर घाबरला मेला. भुतांचा धंदा करतो आन् मला घाबरला.” ती हसली. “मग मीच सगळं सांगितलं. चार वाजले व्हते, मीठ आनतो म्हनाले. एकदा यानं मधे वादळ घातलं. दुसऱ्या दिवशी बोलावून सुनावलं. वादळ नव्हतं त्या दिवशी. वादळ असतं तर मी जाऊ दिलं असतं काय? परत नाय घातलं त्यानं.”

“आणि कंदील?”

“तो मी इझवायची. आतून. नाव घेतलं की इझवायची. रॉकेल तोच आनायचा, कुठून ते माहीत नाय.”

मी विचारलं, “मग पंचायतीत तो बोलला का नाही?”

“मीच शपथ घातली व्हती. पोराला सांगू नको म्हटलं. पोरगा इथलं घर बंद करून मला सरावलीला न्यायला बघतो. त्याला कळलं असतं तर म्हनाला असता, म्हातारीचं डोकं फिरलं.” ती पुन्हा बोंबील निवडायला लागली. “तुमी आळीवाले लय चांगले. इतकी वर्सं माझ्यासमोर कोनी नाव नाय काढलं त्यांचं. पोरगा बाबा म्हनतो. मी तर घेऊ शकत नाय. नवऱ्याचं नाव मी कशी घेऊ? या घरात ते नाव कोनी घेतच नव्हतं रे. तो येऊन मोठ्यानं घ्यायचा. आठवड्यातून दोनदा. परकी मानसं उभी राहून ऐकायची.”

मी काय बोललो ते आठवत नाही. बहुधा क्षमा मागितली असेन. मला ती सवय आहे, आणि तिने कुणाचं काही भरून येत नाही. मावशीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तू लिहिलंस ना ते नाव अर्जात? पयल्या मुद्द्यात?”

“हो.”

“मग येतंय तुला.”

तो माणूस थापाड्या होता, हे मी आजही म्हणतो. राजकन्या नव्हती, भुयार नव्हतं, आणि ते फिल्टर अजून आमच्या माळ्यावर पडले आहेत. त्याच्याविषयी मला आदर वाटतो असं लिहिलं, तर ते आणखी एक खोटं होईल. त्याचा नंबर माझ्याकडे आहे. मी तो लावलेला नाही.

शनिवारी सात वाजता मी मावशीच्या घरासमोर जाऊन उभा राहतो. बरोबर कुणी नसतं. पंचवीस वर्षं पन्नास-साठ पोरांच्या वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा माझा आवाज तिथे घशातच राहतो. पहिल्या शनिवारी मी कसंबसं म्हणालो, “जनार्दन धाकू.” कंदील तसाच जळत राहिला. मला वाटलं, मावशीला झोप लागली.

मग आतून आवाज आला, “ऐकू नाय आलं, मास्तर. तो पार खाडीपल्याड जाईल असं घ्यायचा.”