भोंग्याचा दम

आमच्या लालबागच्या चाळीत भोंगे दोन. एक गिरणीचा, दुसरा विठू परब. हुतूतूत चढाईला गेलेल्या गड्यानं एका दमात 'हुतूतू' घुमवत समोरच्यांच्या मैदानात शिरायचं, गडी मारायचे आणि दम तुटायच्या आत परत यायचं. विठूचा दम तुटतच नसे. तो तिकडे घुमत राही आणि समोरचे सात गडी वाट बघून कंटाळत. समितीच्या सभेत ध्वनिक्षेपक बंद पडला की कार्यकर्ते त्याला टेबलावर चढवत. 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही त्याची आरोळी चिंचपोकळीच्या पुलावर ऐकू येते, असं आम्ही छातीठोकपणे सांगत असू. खरं-खोटं तपासायला कुणी पुलावर गेलं नव्हतं.

वडील लवकर गेलेले. आई घरात खानावळ चालवी आणि विठू गिरणीत बदली कामगार. रोज सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं. कुणी आला नाही तर त्याच्या जागी आत जायचं. जागा मिळे ती बहुधा कापूस पिंजायच्या खात्यात. संध्याकाळी पापण्यांवर कापूस घेऊनच तो मैदानात येई. मी संघाचा कप्तान. "अंग झाडून ये रे," म्हणून ओरडलो की म्हणे, "झाडलंय तर वळखशीत कसो माका?"

एका संध्याकाळी घुमता घुमता तो मधेच खोकला. दम तुटला, बाद झाला. तळहात त्यानं चटकन मातीत पुसला, पण त्यावरचं रक्त मी पाहिलं होतं. क्षय निघाला. शिवडीच्या इस्पितळात आठ महिने.

मी भेटायला एकदाच गेलो. तेही दारातच उभा राहिलो, नाकाला रुमाल लावून. खाटेवरून तो म्हणाला, "रुमाल काढ रे मेल्या. तोंड तरी बघूंदे तुझा." मी रुमाल काढला नाही. पुन्हा गेलोही नाही. सांगायला कारणं पुष्कळ होती, मोर्चे होते, समितीचं काम होतं. खरं कारण एवढंच की मी घाबरलो होतो.

इंजेक्शनं लागू पडली आणि विठू बरा होऊन आला. चढाई मात्र कायमची बंद, मोठ्यानं ओरडणंही बंद. चौथ्या दिवशी तो मैदानात हजर. "माका पकडीत घे. पकडीक दम लागना नाय," म्हणाला. मी म्हटलं, तू तर जन्मात कुणाला पकडलं नाहीस. त्यावर तो हसला. "आठ महिने खाटेर पडान लोकांचे श्वास आयकलंय. दम सरूक इलो की आवाज पातळ होता. तुमका नाय कळाचा, माका कळता."

पकड करणारे गडी हातात हात घालून साखळी धरतात. विठूला कोपऱ्यात उभं करायचं, तर त्याचा एक हात कुणीतरी धरायला हवा. आता कुणाला लागण होणार नाही, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. कागद सगळ्यांनी वाचला, माना डोलावल्या. मग एकाला चड्डीची नाडी आवळायची आठवण झाली, दुसऱ्याला गिरणीची पाळी आठवली. विठू कोपऱ्यात हात पुढे करून उभा. कुणीच धरला नसता, तर त्याचा खेळ त्या संध्याकाळीच संपला असता. हे त्याला कळत होतं आणि तो चक्क गप्प होता. तो गप्पपणा मला सोसवेना. मी जाऊन हात धरला.

आमच्यातलाच एक गडी सरावासाठी घुमत आला. मला त्याचा दम चांगला भरलेला वाटत होता, तेवढ्यात विठूनं माझा हात करकचून दाबला. आम्ही झेपावलो आणि आमच्या मिठीतच त्या गड्याचा दम तुटला. पुढच्या आठवड्यापासून विठूचा हात धरायला भांडणं होऊ लागली. महाराष्ट्र झाला त्या वर्षी परळच्या अंतिम सामन्यात दादरकरांचा सगळ्यात लांब दमाचा गडी त्यानं तीनदा धरला. सामना आम्ही हरलो, ते सोडा.

पाच वर्षं तो खेळला. मग आई थकली, तेव्हा तिला घेऊन गावी निघाला. त्यांना बोटीवर बसवायला मी भाऊच्या धक्क्यावर गेलो होतो. आई पुढे जाऊन गाठोड्यावर बसली होती. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मी तिथं बोलून टाकलं. म्हटलं, "भोंग्या, पहिल्या दिवशी तुझा हात सोडल्यावर मी चाळीच्या नळावर जाऊन तीनदा साबण लावला होता."

"म्हायत आसा," तो आईकडे बघत म्हणाला. "आवशीन बघितल्यान. घराकडे येवन माका म्हणाली, धुतल्यान तर धुतल्यान, पण आदी धरल्यान ना?"

बोट सुटेपर्यंत मला मान वर करता आली नाही.