एका चटईवरची रविवारची शाळा

रूथ गेल्याचा फोन तिच्या भाच्याने केला, तेव्हा मी दुसऱ्या दिवशीच्या वर्गासाठी फळ्यावर चिकटवायची फ्लॅनेलची चित्रं क्रमाने लावत होते. आधी जहाज, मग वादळ, मग मासा, मग किनारा. फोन ठेवला आणि उरलेली चित्रंही लावून टाकली. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही... ईशान, नेहा, माझ्या नातवंडांनो, रूथआजी नक्की कोण होती असं तुम्ही नंतर विचारलंत, तेव्हा मला नीट सांगता आलं नव्हतं. आता काही आठवडे गेलेत, सावकाश लिहिते. तुमच्याबरोबर इतरांनीही वाचावं, कारण तिला ओळखणारी माणसं गिरगावात आता फार उरलेली नाहीत.

आमच्या चर्चला आम्ही जुनी माणसं देऊळच म्हणतो. त्याच्या मागच्या खोलीत रूथ आणि मी कितीतरी वर्षं रविवारची शाळा घेतली. तुमची आईही तिथेच शिकली. मुलं चार वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतची, आणि सगळी एकाच चटईवर. मी जन्मभर कॉलेजच्या लायब्ररीत काम केलेली, मला हे पहिल्या दिवसापासून खटकत होतं आणि अजूनही थोडं खटकतं. मी तसं बोलून दाखवलं की रूथ म्हणायची, "मुलं म्हणजे काय तुझी पुस्तकं आहेत, नंबर चिकटवून कपाटात उभी करायला?" ती म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायची. आवाज मोठा, आणि माझी खेचायची एकही संधी ती सोडत नसे.

तिची पद्धत अशी होती. लहान मुलं चित्रं रंगवत असताना ती फक्त मोठ्यांना कोपऱ्यात घेऊन धडा सांगायची. मग प्रत्येक मोठ्याने आपल्या शेजारच्या लहानाला तो सांगायचा, आणि शेवटी त्या लहानाने सगळ्यांसमोर. लहानाला सांगता आलं नाही, तर मोठ्याला आलेलंच नाही असं धरून पुन्हा सुरुवात. तेव्हाच्या पाळकांनी, म्हणजे चर्चच्या पाद्रींनी, एक वर्ष वयाप्रमाणे तीन वर्ग करून पाहिले होते. पण वाडीतल्या मोठ्या मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन यायच्या. ती दुसऱ्या खोलीत रडायला लागली की यांचं लक्ष उडायचं, आणि हळूहळू मुलीच यायच्या बंद झाल्या. रूथने चटई पुन्हा पसरली आणि पाळकांना सांगितलं की आता ही गुंडाळायची ती मी. एकदा योनाची गोष्ट होती. देवाची आज्ञा टाळून पळालेला योना, आणि त्याला गिळणारा मोठा मासा. सांगणारा पाच वर्षांचा मुलगा म्हणाला, मासा पापलेट होता. मी चूक सुधारायला तोंड उघडलं, तर रूथने मला हाताने थांबवलं. "शास्त्रात माशाचं नाव दिलेलं नाही. बसू दे योनाला पापलेटात, जागा झाली तर." मुलं लोळून हसली. मला मात्र आजही वाटतं की सुधारायला हवं होतं.

मग एकेक चाळ पाडायला निघाली, कुटुंबं विरारला, कल्याणला गेली, आणि चटईवर जेमतेम सात-आठ मुलं उरली. रूथचा दमा वाढला. शेवटचे काही महिने ती घरीच होती आणि वर्ग मी एकटी घेत होते. दर रविवारी शिवाजी पार्कच्या घरून टॅक्सीने जायचं, तीन जिने चढून आलेल्या माणसासारखं धापा टाकत परतायचं आणि दुपारभर पडून राहायचं... आत्ताचे पाळक तरुण आहेत, समजूतदार आहेत. त्यांनी सुचवलं की मुलांना दादरच्या चर्चमध्ये पाठवू. तिथे वयाप्रमाणे वर्ग आहेत, शिक्षक आहेत, मुलांना न्यायला गाडीही येईल. मला सुटल्यासारखं झालं. रूथला भेटायला गेले तेव्हा मी ते भीतभीतच काढलं. ती म्हणाली, "दमली असशील तर बंद कर गं. पण पोरांना तू स्वतः सांग. पाळकांना पुढे करू नकोस." ती आमची शेवटची भेट.

शिवडीला तिचं दफन झालं आणि त्यानंतरच्या एका रविवारी मी मुलांना सांगितलं की इथला वर्ग बंद होणार, आता दादरला जायचं. कोणी रडलं नाही. सगळ्यांत मोठी करुणा, तेरा वर्षांची. तिच्या मांडीला टेकून शमू बसला होता, तिच्या शेजारच्यांचा.

"टीचर, तिकडे शमू माझ्याजवळ बसेल ना?"

"नाही. तो लहानांच्या वर्गात."

"मग मी कोणाला सांगू?"

तिथले शिक्षक चांगले आहेत, हे उत्तर माझ्याजवळ तयार होतं. ते तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, नाताळपर्यंत इथेच बसू, पुढचं पुढे पाहू. संध्याकाळी पाळकांना फोन करून तेच कळवलं. फार मोठं काही केलं असं मला वाटलं नाही. किती रविवार, किती टॅक्सी, एवढंच मनात आलं.

रूथ बसायची ती चटईवरची जागा मुलांनी आपसूक मोकळी ठेवली होती, मोठ्यांच्या आणि लहानांच्या मध्ये. मी खुर्चीवरून उठले आणि तिथे खाली बसले. शमूने गोष्ट सांगितली, बरीचशी चुकीची, आणि त्याला घाई नव्हती. एकदा खाली बसलं की मला उठायला माणूस लागतो. वर्ग सुटल्यावर करुणाने एक हात धरला आणि शमूने दुसरा. त्याच्या हाताचा काही उपयोग नव्हता, पण मी उभी राहीपर्यंत त्याने तो सोडला नाही.