एकशे दोनचा भाव

उत्तरेश्वर घोडके यांना विस्तवाची भीती कधीच वाटली नाही. चाकणकडच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं ते भट्टीसमोर उभे राहिले. लोखंड तापत जाताना त्यावर आधी गव्हाळ रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा. कोणत्या रंगाला थांबायचं, हे घोडके नुसत्या डोळ्यांनी सांगत, आणि साहेबलोक नंतर मीटर लावून मान डोलवत.

स्वेच्छानिवृत्ती घेऊन बिबवेवाडीच्या दोन खोल्यांत बसल्यावर हाच डोळा त्यांनी साखरेला लावला. झालं असं, की मुलगी उत्कर्षा मोबाइलवर बघून कॅरॅमल बटर केक करत होती आणि तीनदा साखर जाळून रडकुंडीला आली होती. चौथ्या वेळी घोडके उठले, भांडं तिच्या हातातून घेतलं, साखरेत पळीभर पाणी घातलं आणि म्हणाले, "हिला ढवळू नको. नुसती बघ." साखर विरघळली, उकळली, गव्हाळ झाली, तांबूस झाली, आणि धूर निघायच्या नेमकं आधी त्यांनी गॅस बंद करून बटर आणि साय आत सोडली. त्या दिवसापासून आठवड्याला तीन-चार केकच्या ऑर्डरी त्यांच्याकडे येऊ लागल्या. बिनअंड्याचा मिळेल का, असं विचारणाऱ्यांना ते शांतपणे शिऱ्याची कृती सांगत.

असा हा गडी मोबाइलला मात्र भ्यायचा, कारण त्या मोबाइलमध्ये युरोचा भाव दिसायचा.

उत्कर्षा सप्टेंबरात आयर्लंडला, कॉर्क शहरात शिकायला गेली. तिने अर्ज केला तेव्हा एक युरो त्र्याण्णव रुपयांना होता, आणि फीचा पहिला हप्ता भरेपर्यंत तो शंभरावर जाऊन बसला होता. दुसरा हप्ता आठ हजार युरोंचा, जानेवारीच्या शेवटी. त्यासाठी कंपनीकडून निवृत्तीचे उरलेले आठ लाख वीस हजार मिळायचे होते, तेही पंधरा जानेवारीला, एक दिवस आधी नाही. त्याखेरीज बँकेत साठ हजार होते. घोडक्यांनी कागदावर मांडून बघितलं. युरो एकशे दहाच्या वर गेला, की पोरीची फी भरता येत नव्हती. फी नाही भरली तर परीक्षेला बसू देत नाहीत, हे तिनेच जाताना सांगितलं होतं. 

नारायण पेठेत एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत बाळ दामले नावाचे गृहस्थ दर रविवारी सकाळी चलनाच्या सौद्यांचा वर्ग घेत. फुकट. ते बँकेच्या परकीय चलन विभागातून निवृत्त झालेले होते आणि चेहऱ्यावर कायम कोणीतरी चुकीची पावती आणून दिल्याचा भाव असे. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "इथे श्रीमंत व्हायला कोण कोण आलंय? त्यांनी निघावं. खुर्च्या बाराच आहेत." दोघं खरंच उठून गेले.

घोडक्यांची गोष्ट ऐकून दामले पहिल्यांदाच जरा मऊ आवाजात बोलले. "तुम्हाला खरोखर युरो पाठवायचेत, म्हणजे हे तुमच्यासाठीच आहे. नोंदणी असलेल्या दलालाकडे जा, फीचं पत्र दाखवा आणि जानेवारीच्या मुदतीचे युरो आजच्या भावाने घेऊन ठेवा. एक लॉट हजार युरोंचा. भाव चढला तर फी महाग पडेल, पण तेवढेच पैसे इथे मिळतील. उतरला तर इथे जातील आणि फीमध्ये वाचतील. म्हणजे बेरीज तीच. आणि घोडके, आठ लॉट घ्या. नववा घेतलात की तुम्ही वडील राहिला नाहीत, जुगारी झालात."

चौदा नोव्हेंबरला एकशे दोनच्या भावाने त्यांनी आठ लॉट घेतले. अनामत म्हणून बत्तीस हजार अडकले. जानेवारीच्या कॅलेंडरच्या पानामागे पेनाने लिहून ठेवलं, आठ लाख सोळा हजार. काहीही झालं तरी फी एवढ्यालाच पडणार होती.

बायकोला, जयाला, त्यांनी यातलं अवाक्षर सांगितलं नाही. त्याला कारण होतं. त्यांच्याबरोबर निवृत्त झालेला विक्रम एका फसव्या अ‍ॅपवर डॉलरचा धंदा करायला गेला आणि चार लाख घालवून बसला होता. त्याची बायको दोन तास जयाच्या शिलाई मशीनशेजारी बसून रडली होती. त्यानंतर या घरात डॉलर-युरोचं नाव काढायची सोय उरली नव्हती.

आणि मग युरो उतरायला लागला.

खरं तर ही आनंदाची बातमी. फी स्वस्त होत होती. पण फी जानेवारीत भरायची होती आणि सौद्यातला तोटा मात्र रोज संध्याकाळी दलालाकडच्या पैशांतून कापला जात होता, आणि तिथली अनामत बत्तीस हजारांच्या खाली गेलेली चालत नव्हती. एक रुपया उतरला की आठ हजार गेले. मोबाइलवर लाल आकडा यायचा, तो दुसऱ्या दिवशी आणखी लाल व्हायचा. फीमध्ये वाचणारे पैसे कुठेच दिसत नव्हते, जाणारे तेवढे दिसत होते. आधी चाळीस हजार दलालाकडे ठेवले होते. मग पाच हजार पाठवले, मग पुन्हा पाच. डिसेंबरच्या शेवटी साठच्या साठ हजार तिकडे गेलेले होते आणि भाव अठ्ठ्याण्णवला टेकला होता. दामल्यांचं बोलणं त्यांना पाठ होतं. डोक्याला ते पटायचं, पण हातापायांना पटत नव्हतं. भाजी आणायला निघालेले घोडके जिन्यात थांबून भाव बघायचे आणि पिशवी घरीच विसरायचे.

एकतीस तारखेला दुपारी चार वाजता ते कर्वेनगरच्या एका ऑर्डरीची साखर गॅसवर ठेवून उभे होते. मोबाइल वाजला. दलालाचा निरोप होता. अनामतीत चार हजार कमी पडताहेत, उद्या सकाळपर्यंत भरा, नाहीतर तुमचे लॉट आम्ही विकू. उद्या भाव आणखी आठ आणे उतरला तर आणखी चार हजार. खात्यात तर काहीच नव्हतं. त्यांना वाटलं, दलालाने विकण्यापेक्षा आपणच विकून मोकळं व्हावं. हा रोजचा जाच तरी संपेल. उजव्या हाताने त्यांनी विकायचं बटण शोधलं.

डावा हात काय करत होता, याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. तो साखर ढवळत होता. बघतात तर भांड्यातली साखर पांढरी, दाणेदार होऊन बसली होती. आजवर त्यांच्या हातून एकदाही साखर अशी बसली नव्हती. घोडके त्या भांड्याकडे बघत राहिले. त्यांना स्वतःची भीती वाटली.

मशीनचा आवाज थांबला आणि जया दारात आली. "रंग का नाही आला?"

"हात लागला."

"तुमचा?" तिने भांड्यात बघितलं, मग त्यांच्याकडे. "किती गेले?"

घोडक्यांनी मोबाइल ओट्यावर पालथा ठेवला.

"बँकेचे मेसेज माझ्या मोबाइलवर येतात, अहो. एकदा चाळीस, चार वेळा पाच. दीड महिना झाला, मी वाट बघतीय तुम्ही कधी सांगताय याची. विक्रमभाऊजींसारखं करून बसलात का?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. दामले, आठ लॉट, एकशे दोन. कॅलेंडरच्या पानामागचा आकडाही दाखवला. जया ओट्याला टेकून ऐकत होती. मध्येच तिने हात वर करून थांबवलं. "म्हणजे गिऱ्हाईक आज ब्लाऊजची शिलाई ठरवून जातं. दिवाळीत शिलाई वाढली तरी मी तेवढीच घेते. तसं?"

"तसंच. आणि उतरली तरी तेवढीच द्यायची."

"शिलाई कधी उतरत नाही," जया म्हणाली. "मग फायदा कधी?"

"फायदा नाही. तोटाही नाही."

"तर मग आता विकायला कशापायी निघालात?"

"रोज लाल दिसतं गं."

"आणि आज विकलं, आणि महिन्याभरात वर गेला तर?"

याचं उत्तर घोडक्यांना ठाऊक होतं. गेलेले बत्तीस हजार गेलेलेच राहिले असते, आणि वर फी महाग पडली असती. जया आत गेली. भिशीचे पैसे तिने कपाटात पातळांच्या खाली ठेवले होते, त्यातले दहा हजार आणून तिने ओट्यावर ठेवले. "मला सगळं पटलंय असं समजू नका. पण आता मोडलं तर दोन्हीकडून जाईल, एवढं कळलं. आणि उत्कर्षाला यातलं काही बोलू नका. परदेशात पोर उगीच घाबरंल."

घोडक्यांनी भांडं धुतलं आणि दुसरी साखर चढवली. या वेळी रंग येईपर्यंत दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

पुढचे चार आठवडे दोघांनी मिळून धास्ती घेतली, एवढाच काय तो फरक पडला. सकाळी नऊला बाजार उघडला की जया मशीनवरूनच विचारायची, "किती?" आणि आकडा ऐकून सुई ओवायची. फी भरली आणि लॉट मोकळे केले त्या दिवशी भाव साडेअठ्ठ्याण्णव होता. फी पडली सात लाख अठ्ठ्याऐंशी हजार. सौद्यात गेले अठ्ठावीस हजार. बँकेचं आणि दलालाचं किरकोळ सोडलं तर बेरीज आठ लाख सोळा हजार. घोडक्यांनी पान उलटून तीनदा पडताळलं.

"दोन अडीच महिने जीव टांगणीला," जया म्हणाली, "आणि हातात शून्य."

"शून्यच पाहिजे होतं."

रविवारी ते केक घेऊन नारायण पेठेत गेले. दामल्यांनी हिशोबाचा कागद बघितला, केकचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "दोन्ही बरोबर आलंय." त्यांच्याकडून हे म्हणजे सत्कारच होता.

संध्याकाळी उत्कर्षाचा फोन आला. घोडक्यांनी तो स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला.

"पप्पा, फीची रिसीट आली. थँक यू. आता एक सांगू? रागावणार नाही ना?"

"बोल की."

"जायच्या आधी तुम्ही कागदावर मांडत होता ना, एकशे दहाच्या वर गेला तर जमणार नाही म्हणून. तो कागद मी बघितला होता. मी रोज सकाळी उठून आधी रेट चेक करायचे, पप्पा. उतरला तरी उद्या परत चढेल असं वाटायचं. म्हटलं, कमी पडले तर माझ्याकडे काहीतरी असू दे. चारशे युरो साठलेत. आता तुम्हाला पाठवू का?"

"कुठून साठवलेस? काम तर अजून मिळालं नाही म्हणालीस."

"दुपारचं जेवण स्किप करत होते. सुट्टीच्या दिवशी जेवायचे. इथलं कॅन्टीन खूप महाग आहे. पन्नासेक दिवस झाले असतील. सवय झाली आता."

"कधीपासून?" घोडक्यांनी विचारलं.

"नोव्हेंबरपासून. मध्यावर कधीतरी."

जया मशीनवरून उठून आली आणि ओट्याची कड धरून उभी राहिली. चौदा नोव्हेंबरला भाव पक्का झाला होता. त्यानंतर पोरीने उपाशी राहायचं काही म्हणजे काही कारण नव्हतं, आणि हे तिला सांगायला एक फोन पुरला असता.

"पाठवू नको," घोडके कसंबसं म्हणाले. "त्याचं जेव. उद्यापासून. आम्ही... मी तुला सगळं सांगतो, नीट ऐक." आणि त्यांनी एकशे दोनपासून सुरुवात केली. ऐकता ऐकता उत्कर्षा रडायला लागली. मग म्हणाली, "मला का नाही सांगितलंत, पप्पा?"

फोन ठेवल्यावर घोडक्यांनी कॅलेंडरचं पान उलटलं. वर सात लाख अठ्ठ्याऐंशी हजार, खाली अठ्ठावीस हजार, त्याखाली बेरीज. बेरजेच्या खाली त्यांनी लिहिलं, पन्नास जेवणं. ती कोणत्या बाजूला मांडायची हे त्यांना कळेना, आणि पेन हातात धरून ते तसेच उभे राहिले.